गुळाचा खडा

पंचवीस वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या बाहेर एका शेडमध्ये आम्ही कोळशाची राख पोत्यांत भरायचो. राख पिठाहून बारीक. दुसऱ्या टोळीत एक जण होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मला तो आवडतच नव्हता. सुटी झाली की मी नळाशी वाकून खोकत बसायचो आणि हा शेजारी उभा राहून, दुपट्ट्यानं तोंड पुसत, निवांत गुळाचा खडा चघळायचा. कधी साधा ठसका नाही. राख तीच, मग याचीच छाती एवढी साफ कशी? मी जळायचो.

एकदा तोच म्हणाला, "गूळ खात जा ना, भाऊ. गुळासंगं राख पोटात उतरते, छातीत राहत नाई."

मी हट्टानं खाल्ला नाही.

पुढं काही वर्षांनी त्याचे डोळे पिवळे झाले. लिव्हरचा कॅन्सर निघाला. कशानं झाला, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. शेवटचा भेटला तो दवाखान्याच्या ओट्यावर. मला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत तो टक लावून बघत राहिला.

"तुमी खोकून बाहेर तं काढता, भाऊ," तो म्हणाला. "मी सारी गिळून बसलो."

ती नजर मी लगेच ओळखली. इतकी वर्षं मी त्याच्याकडे तसाच बघत आलो होतो.