युरोपहून आल्यावर मी चहा का सोडला

मला कॉफी सांगा. चहा नको. असं बघू नका माझ्याकडे! मी चहाला नाही म्हणणं म्हणजे लातूरच्या नळाला रोज पाणी येण्यासारखं आहे, हे मलाही कळतं. पण सोडलाय. आणि का सोडलाय ते ऐकलंत, तर तुम्हीच विचाराल की बाई, तुला घरात कसं ठेवून घेतलं?

तर, यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही युरोपला गेलो होतो. दादा जर्मनीत नोकरीला आहे. त्यानं बोलावलं आणि आमची वरात निघाली. अप्पा, आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे अप्पांची मोठी बहीण, आमच्या लातूरजवळच्या मुरुडची. चांगला दीड महिना फिरलो. पॅरिस झालं, स्वित्झर्लंड झालं. इटलीत तो वाकडा मनोरा बघून अप्पा म्हणाले, "गुत्तेदारानं पाया कच्चा भरलाय," आणि पुढं चालू लागले.

आणि मी काय केलं दीड महिना? लेक्चरं दिली. अप्पा, रांग मोडू नका. आई, रेल्वेत हळू बोल. सगळ्यात जास्त लेक्चरं आत्याला, कारण ती दिसेल त्या नळाखाली बाटली धरायची. आमच्याकडच्या माणसाला वाहता नळ दिसला की हात आपोआप भांड्याकडे जातो, त्याला ती तरी काय करणार? पण मला लाज वाटायची.

"आत्या, इथं चोवीस तास पाणी असतं गं."

"आज हाय. उद्याचं कुणी सांगावं?"

हॉटेल कुठलंही असो, तिच्या पलंगाखाली भरलेल्या बाटल्यांची पलटण उभी.

आत्याला खरं तर काशीला जायचं होतं. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी गुडघा, कधी सोयाबीनची काढणी, कधी कुणाचं बाळंतपण. युरोपचं निघालं तेव्हा तिनं दादाला फोनवर एकच गोष्ट विचारली, तिकडं नदी आहे का. दादा म्हणाला, आहे, ऱ्हाईन, लई मोठी. झालं, आत्या तयार.

कोलोनला तिला ती ऱ्हाईन दिसली. काठावर आभाळाला टेकलेलं चर्च दिसलं. वाहती नदी आणि काठावर देऊळ, आणखी काय पाहिजे? तिनं हात जोडले. की मी सुरू! ही गंगा नाही, यातून मालाची जहाजं जातात, काठावर कारखाने आहेत, पाणी तोंडाला लावशील तर आजारी पडशील. आत्या म्हणाली, "बरं बाई." आणि आईनं मला आइस्क्रीम आणायला पिटाळलं.

हे आइस्क्रीम लक्षात ठेवा.

परत येताना हैदराबादला उतरलो आणि गाडी करून लातूरला पोचलो, ते ऐन दुपारी. दीड महिना बंद घर. हौदात शेवाळ. नळाचा दिवस परवा. पाण्याचे जार देणारा फोन उचलेना. बाकी तिघं पंख्याखाली आडवे झाले. आणि मला चहा हवा होता. दोरा बांधलेल्या पुड्या कोमट पाण्यात बुचकळून दीड महिना काढलेल्या माणसाला चहा कसा हवा असतो, तुम्हाला कल्पना आहे का?

शेजारच्या काकूंकडून दूध आणलं. आलंही त्यांनीच दिलं. पाणी मात्र मागितलं नाही. नळाचा दिवस जवळ आला की आमच्या गल्लीत एकवेळ दागिने मागता येतात, पाणी नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. आत्या! तिच्याकडं एक तरी बाटली असणारच. हळूच तिची बॅग उघडली. मधोमध, लुगड्यात गुंडाळलेली, वरून प्लास्टिकची पिशवी, पिशवीला गाठीवर गाठ, अशी एक छोटी बाटली निघाली. मला हसूच आलं. पाण्यासाठी एवढा बंदोबस्त? पाणी जरासं गढूळ दिसलं, तर मी स्वतःलाच लेक्चर दिलं की जर्मनीतल्या पाण्यात क्षार जास्त असतात.

दोन मोठे मग चहा झाला. उरलेल्या घोटभर पाण्यात पातेलं विसळलं. काय चहा झाला होता म्हणून सांगू! एकटीनं, दारात बसून, फुरके मारत प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा फोनवर फोन करत होते. आत्याचं मावंदं घालायचं ठरलं होतं. तीर्थयात्रा करून आल्यावर आपल्याकडं जेवण घालतात ना, ते. मी उसळलेच. युरोप म्हणजे काय तीर्थक्षेत्र आहे का? अप्पा म्हणाले, "तुझ्यासाठी न्हाई. आक्कासाठी हाय."

तेवढ्यात आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाली, आत्याला काही बोलू नकोस. मुरुडच्या भजनी मंडळातल्या बायकांना तिनं जाताना शब्द दिलाय, येताना तीर्थ घेऊन येते म्हणून. त्या नदीतून भरून घेतलंय तिनं, बॅगेत आहे, लुगड्यात.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू लेक्चर देशील म्हणून."

आइस्क्रीम आठवलं?

मी ओट्याकडं बघितलं. तीर्थाची बाटली तिथं रिकामी, उलटी, वाळत पडली होती.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. सांगणारही होते. पण बाहेर आत्या फोनवर बोलत होती. "हाव गं, आणलंय की. समद्यांना देते घोट घोट." तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नवीन बांगड्या भरलेल्या पोरीसारखा.

मग जारचं पाणी आल्यावर बाटली भरली. पण ते दिसायला कसं, आरशासारखं! नदी अशी दिसते का? मी सायन्सची पदवीधर. थोडं दूध टाकलं, बाटली हलवली. अगदी ऱ्हाईन! लुगड्यात गुंडाळून जागेवर ठेवली, गाठीवर गाठ मारली.

मे महिना, लातूर, दूध, बंद बाटली. तुम्हाला कळलं ना पुढचं? मला नाही कळलं. पदवी आहे ना.

तीन-चार दिवसांनी मावंदं. अंगणात मांडव, पुरणाचा वास. मुरुडच्या बायका एक जीप भरून आल्या. नांदेडची मावशी आली. आणि जळकोटची मामी आली, जिनं दोनदा काशी केलीय आणि जी ते प्रत्येक लग्नात सांगते. पाटावर बाटली. बाटलीला हळद-कुंकू, वर जास्वंदीचं फूल. भजन झालं. आत्यानं झाकण फिरवलं.

फुस्स.

आणि जो वास सुटला! पुढं बसलेल्या बायका मागं सरकल्या. मामीनं पदर नाकाला लावला आणि गोड आवाजात म्हणाली, "माझी गंगा कवापासून देवघरात हाय आक्का, अजून नासली न्हाई. खरी नदी नासतच नसती."

आत्या उलट बोलली असती तर बरं झालं असतं. ती झाकण हातात धरून नुसती उभी राहिली. "एवढ्या लांबून आणलं की," एवढंच म्हणाली, तेही बाटलीला.

मला राहवलं नाही. "आत्या, नदी नासली न्हाई. दूध नासलंय."

"कसलं दूध?"

सांगितलं. सगळं, पातेलं विसळण्यापर्यंत. मग मागून मुरुडची एक म्हातारी म्हणाली, "मंग नदी कुठं गेली?"

मी पोटावर हात ठेवला.

"समदी?" आत्यानं विचारलं.

"आलं घालून."

अप्पा तोंडाला उपरणं लावून बाहेर पळाले. आत्यानं बाटली बाजूला सारली, दंडाला धरून मला त्या पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, जास्वंद केसात खोवलं आणि बायकांकडं वळली.

"तीर्थ आणते म्हणलं होतं, आणलंय. हिच्यात हाय. पडा पाया."

तुम्हाला वाटेल कुणीतरी हसलं असेल. छे! मुरुडच्या बायका एकामागून एक आल्या आणि माझ्या पाया पडल्या. माझ्या! देवळात चपला सांभाळायला बाहेर थांबते, त्या माझ्या! शेवटी दोनदा काशी केलेली मामीसुद्धा वाकली, गुडघ्यांचा कडकड आवाज करत. आत्या तेव्हा कुठं हसली.

"आता यात्रा तुझी झाली," ती मला म्हणाली. "काशी केली की आवडीचं एक काहीतरी सोडावं लागतं. तू मोठ्यांना शिकवायचं सोड."

बाहेरून अप्पांचा आवाज आला, "हाव, हाव!" मी पाटावर बसून खरंच विचार केला. एवढा घोळ घातल्यावर एवढं तर करायलाच हवं. सोडते, म्हणणारच होते. तेवढ्यात मामी पेटती उदबत्ती खोचायला जागा शोधत स्वयंपाकघराच्या दारातल्या सिलिंडरकडं निघाली.

"मामी, तिथं उदबत्ती नका लावू, किती वेळा सांगायचं, गॅस असतो त्यात!"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

"चहा सोडते," मी म्हणाले.

तेव्हा कॉफीच सांगा. आणि तुम्ही कपात एवढी साखर घालू नका, चांगली नसते ती.