जाऊबाईंचं सोंग

माझा स्वभाव संशयी. भाजीवालीनं तराजू उचलला की मी आधी तिच्या हाताकडे बघते, आणि कोणी दोनदा "खरंच सांगतो" म्हणालं की माझा उरलासुरला विश्वासही उडतो. ही खोड माहेरचीच, पण तिला धार आली ती सासरी, गोंदियाकडे कामठ्याजवळच्या आमच्या गावात, थोरल्या जाऊबाईंमुळे.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. घरात सासूबाई, भासरे म्हणजे माझे थोरले दीर, जाऊबाई, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं. शेती धानाची. रोवण्याच्या दिवसांत घरच्या सुनांनीही मजूर बायकांच्या बरोबरीनं चिखलात उतरायचं, अशी रीत होती. बायका एका ओळीत वाकून रोपं लावत मागे मागे सरकतात. त्यात एकीचा हात चालेनासा झाला की तिच्या वाट्याची रोपं शेजारणीला लावावी लागतात. त्या वर्षी जाऊबाईंची शेजारीण मी होते, आणि रोज त्यांचं अर्धं काम माझ्या पाठीवर. माझं डोकं फिरणार नाही तर काय!

बांधावर बसल्या की त्यांना लवकर उठता यायचं नाही. उठण्याआधी कोणी बघत नाही ना, याचा अंदाज घ्यायच्या, मग हात टेकून, गुडघ्याला धरून कशाबशा उभ्या राहायच्या. मी मान वळवल्यासारखं करून सगळं बघत असे. घरी जेवायलाही त्या आमच्यासारख्या पाटावर बसेनाशा झाल्या होत्या, ओट्याच्या कडेला टेकून ताट मांडीवर घ्यायच्या. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही, पण मी त्याचा अर्थ उलटाच लावला. म्हटलं, बघा थोरल्या सुनेचा थाट.

मग त्यांच्या अंगावर डाग दिसायला लागले. पापण्यांवर जांभळट काळपट, बोटांच्या पेरांवर खरबरीत. सासूबाई हादरल्या. महारोगाची परीक्षा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होती: डागावर काटा टोचायचा, माणसाला कळलं नाही तर महारोग. त्यांनी भरदुपारी अंगणात जाऊबाईंचा हात धरला आणि बाभळीचा काटा पेरावर टोचला. जाऊबाई कळवळल्या.

"दुखते नं?" सासूबाई म्हणाल्या, "मंग रोग नाही. अन् रोग नाही तं सोंग हाय."

आमच्या घरचं वैद्यक एवढंच. त्यात मी माझी अक्कल ओतली. काम टाळायला अंगाला बिब्याचं तेल लावून फोड आणणारी माणसं मी माहेरी पाहिली होती. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, "बिबाच लावत असन."

आता बिबा सापडायला हवा. एके दुपारी जाऊबाई पोरीला घेऊन तळ्यावर गेल्या तशी मी त्यांची पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली एक चमत्कारिक वस्तू निघाली: लाकडी फणी, हातभर लांब बांबूच्या कामटीला सुतळीनं घट्ट बांधलेली. मी चरकले. माझ्या मनात पहिलं आलं ते करणीचं. ही आमच्यावर काही करते की काय?

"ठेव ते," मागून आवाज आला. जाऊबाई दारात उभ्या होत्या.

"कायचं हाय हे?"

"केस विंचरतो मी त्यानं. हात वर जात नाही माह्या." त्यांनी हात उचलून दाखवला. तो खांद्यापर्यंत आला, थरथरला आणि खाली पडला.

"कवापासून?"

"होळीपासून."

"मंग सांगितलं काऊन नाही? सारं घर तुमाले कामचोर म्हणून राहिलं!"

"म्हणू दे. मी आयकून राहिली नं?" त्या माझ्या अगदी जवळ आल्या. "तू कोनाले सांगू नोको वो. तुले माह्या पोरीची आन हाय."

मी शपथ घेतली. पण खरं सांगते, तेव्हाही मला वाटलं, बाई मानी आहे, दुसरं काय. आपण आजारी आहोत हे लपवून वरून शिव्या खाणारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांच्या घशात भात अडकायला लागला. एकदा डोळे पांढरे झाले, तेव्हा मी शपथ मोडली. ह्यांना सांगितलं, ह्यांनी भासऱ्यांना सांगितलं, आणि आम्ही गोंदियाहून गाडीनं नागपूरच्या एका दवाखान्यात गेलो. वाटभर जाऊबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या.

डॉक्टर तिरसट होते, पण डाग बघताच सावध झाले. याच रोगाचे आणखी दोघं त्यांच्याकडे होते. एक देवरीकडचा गोंड गडी, जंगलात लाकूड तोडणारा. त्याच्या काळ्या कातडीवर डाग आहेत हे डॉक्टरांनी त्याला खिडकीपाशी उजेडात नेऊन दाखवलं, तेव्हा कुठं मला दिसले. तो चढावर पडायचा आणि उठायचा नाही. मोहाची ढोसून येतो म्हणून ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं होतं, आणि त्यानं तर कधी दारूला तोंड लावलं नव्हतं. दुसरी गोंदियातल्या एका व्यापाऱ्याची पोर, पंधराची असेल. गोऱ्यापान चेहऱ्यावर पापण्या लालजांभळ्या. तिची आई स्वतःच रडत सांगत होती, "मैंने मारा इसको. पूछती थी, लाली किसके लिए लगाती है?"

रोग एकच. पण ज्याच्या मनात जी भीती, तिथं त्याचा संशय. मजुराला दारुडा ठरवलं, वयात आलेल्या पोरीला छिनाल, आणि आमच्या सुनेला कामचोर. मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

रोगाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते काही माझ्या जिभेवर बसलं नाही. अंग स्वतःवरच उलटतं आणि आपलेच स्नायू, आपलीच कातडी नासवतं, असं पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरनं मला समजावलं. त्या वेळी एवढंच कळलं की तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, नव्या निघालेल्या गोळ्यांनी उतार पडेल, पण ऊन, चिखल, ओझं वर्ज्य. दुसरं बाळंतपण तर नकोच.

दोन महिन्यांनी आम्ही परत आलो. जाऊबाईंचा घास आता नीट उतरत होता. गोळ्यांनी चेहरा मात्र फुगला होता, त्यावर सासूबाई दारातच म्हणाल्या, "बसून खाऊन फुगून आली बाप्पा."

मला राहवलं नाही. डॉक्टरांचा कागद मी पुढे धरला. "सोंग नाही हाय हे. मोठ्या डॉक्टरानं लिहून देलं. खरा रोग हाय, जल्मभर सांभाळा लागते." आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, बाळंतपणाचंसुद्धा, मी घडाघडा बोलून दाखवलं. जाऊबाई माझा पदर ओढत होत्या. मला वाटलं, भिडस्त आहेत.

सासूबाई सुपातले तांदूळ निवडायच्या थांबल्या. "खरंच हाय?"

"खरंच."

त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांचा आवाज मऊ झाला, आणि त्या मऊपणाचीच मला भीती वाटली. "सोंग असतं तं आज नाही उद्या सुधरली असती," त्या म्हणाल्या. भासरे उठून गोठ्याकडे गेले.

आठ दिवसांत जाऊबाईंच्या भावाला निरोप गेला. तो बैलगाडी घेऊन आला. पोर आमची म्हणून ठेवून घेतली. भासऱ्यांसाठी दुसरी बघायला सुरुवात झाली आहे, हे पाणवठ्यावरच्या बायकांना माझ्या आधी ठाऊक होतं.

जाऊबाईंना गाडीत चढता येईना. भावानं आणि मी त्यांना उचलून बसवलं. मी त्यांचे पाय धरले, रडत म्हटलं, "बाई, मी तुमच्यावर संशय घेतला. माफ करा."

"त्याचं काही नाही वो," त्या म्हणाल्या. "तुमचा संशय होता तवरीक मी या घरात होती. तुले खरं पटलं अन् माह्यं घर गेलं."