किल्लीदादांनी उघडं ठेवलेलं दार

आमच्या वस्तीतल्या निम्म्या दारांना किल्लीदादांचा हात लागलेला आहे. नाकावर घसरलेला चष्मा, हातात कानस, बोटांना पितळेचा वास. घाई त्यांना ठाऊकच नाही. चार वेळा घासायचं, एकदा फुंकर मारायची, किल्ली उजेडात धरून बघायची. "कुलूप रुसतं हो," म्हणायचे, "त्याला गोंजारावं लागतं."

चर्चच्या दारावरचं कुलूपही त्यांचंच. फादर दूर राहतात, आमच्याकडे रविवारी मिस्सेच्या उपासनेपुरते येतात. एकदा कोणीतरी आतला पंखाच उतरवून नेला, तेव्हापासून बाकीचे सहा दिवस दार बंद. एवढं पक्कं कुलूप आपण दुसरं केलं नाही, असं दादा छाती फुगवून सांगत.

एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या त्यांना समोरच्या चर्चपाशी एक बाई दिसली. हातात दवाखान्याची पिशवी, आणि कपाळ त्या बंद दाराला टेकलेलं. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग डोळे पुसून निघून गेली. दादांची कानस जिथल्या तिथे थांबली.

जेवताना ते बायकोला म्हणाले, "इतकं झकास कुलूप केलं मी, आणि बाहेर कोणाला ठेवलं बघ."

रविवारी त्यांनी फादरना गाठलं. "फादर, दार रोज उघडं ठेवू. माझं टेबल व्हरांड्यात मांडतो. कामही होईल, राखणही होईल."

फादरनी बराच विचार केला. "एक महिना बघू. पण दादा, एक वस्तू जरी गेली, तरी पुन्हा कुलूप. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"घरी गॅस बंद करायला विसरता," बायको म्हणाली, "आणि देवाच्या घराची राखण करणार!"

टेबल व्हरांड्यात आलं. गिऱ्हाईक आलं की दादा म्हणत, "दहा मिनिटं लागतील. आत बसा, गार आहे." त्यांचा सारा धर्मप्रचार एवढाच. कोणी बाकावर नुसतं टेकलं, कोणी पाच मिनिटांनी गुडघ्यांवर आलं. शिंप्याने तिथलं बायबल उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला.

"दादा, शत्रूवर प्रेम करा म्हणतो येशू. माझा भाडेकरू यात धरायचा का?"

"मला काय विचारतोस? माझा साडूही त्यातच येतो. पुढे वाच."

पुढच्या आठवड्यात ते वाचन ऐकायला सहाजण जमले. न कळलेलं फादरना विचारायचं म्हणून एका कागदावर लिहून ठेवू लागले. कागद दोन्ही बाजूंनी भरला.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी दादा दार लावायला आत गेले. वेदीवर मेणबत्त्यांसाठी पितळी शमादानांची जोडी असायची. तिथे एकच उभं होतं. दादांनी बाकांखाली पाहिलं, वेदीमागे पाहिलं, शेवटी स्वतःच्या हत्यारांच्या पेटीतही पाहिलं.

"दुसरंही उचलून आत ठेवा," बायको म्हणाली. "जोडीच नसली तर उणीव कोणाला दिसतेय?"

"त्याला दिसेल ना," दादा म्हणाले आणि न जेवता उठले.

सकाळी मिस्सेआधी त्यांनी फादरना सारं सांगितलं. फादरचा चेहरा उतरला. "मलाही वाईट वाटतंय, दादा. पण ठरलं ते ठरलं. मिस्सा झाली की कुलूप घाला."

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. आधीच्या फादरशी गाण्याच्या चालीवरून भांडण झालं आणि नऊ वर्षं त्या चर्चची पायरी चढल्या नव्हत्या. शनिवारी मात्र कपाटाची किल्ली करायला आल्या होत्या आणि ती होईपर्यंत आत बसल्या होत्या. आता त्यांच्या काखेत जुन्या टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळलेलं होतं. टॉवेल सोडला. शमादान असं लखलखलं की फादरनी डोळे बारीक केले.

"काय कळा आणली होती याला!" बाई कडाडल्या. "मी नाही तर कोणी हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं का तुम्ही?"

"अहो बाई, विचारायचं तरी! माझा जीव गेला काल!"

"विचारायचं? स्वतःच्या घरातलं भांडं घासायला घेताना मी कोणाला विचारते?"

फादर पोट धरून हसले. "दादा, वस्तू गेली नाही, माणूस परत आलं. कुलपाचं राहू द्या."

"आणि ते दुसरं उद्या माझ्याकडे पोचतं करा," बाईंनी फर्मान सोडलं. "मला दोन्ही खेपा जमायच्या नाहीत."

सोमवारी दादा काळवंडलेलं शमादान खांद्यावर टाकून भर रस्त्याने निघाले. वाटेत बायको भेटली. "अहो, टेबल सोडून कुठे? दारात राखणीला कोण आहे?"

"दारात कोणी नाही," दादा न थांबता म्हणाले. "आत तिघं बसलेत."