साडूंचे पर्यायी अंदाजपत्रक

कोल्हापुरात कशालाही विरोध करणारी माणसे प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक चहाच्या गाड्यावर मिळतात. पण विरोध करून झाल्यावर ‘मग पैसे कुठून आणायचे’ हेही सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नशिबाने माझा साडू निघाला. उद्यमनगरात त्यांचे लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. पण काय करता असे विचारले, तर ते लेथचे नाव काढत नाहीत, ‘आम्ही विरोधी पक्षात असतोय’ म्हणून सांगतात. साडू स्वतः कधी नगरसेवक नव्हते. महापालिकेत सत्ताधाऱ्यांचे अंदाजपत्रक आले की आपल्या पक्षाचे पर्यायी अंदाजपत्रक तयार करायचे, हे त्यांचे काम. सभागृहात ते दुसराच कोणी वाचायचा, बाके दुसरेच वाजवायचे, आणि बेरजा तपासायला साडू माझ्याकडे यायचे. आकड्यातली चूक मला सहन होत नाही, म्हणून जबाबदारीने सांगतो, त्यांची बेरीज चुकलेली मी पाहिलेली नाही.

घरात सत्ता ताईंची, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीची. साडू तिथेही विरोधी बाकावर. दिवाळीचा फराळ असो की भिंतींचा रंग, ते कपात सूचना मांडत. मात्र वाचलेला पैसा कुठे लावायचा हे आधी ठरवून. आमच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत सगळे बँडवर एकमत होत असताना ते उठून उभे राहिले. बसून बोलणे त्यांना जमतच नाही.

“बँडला माझा विरोध हाय.”

“अहो दाजी, पोरीचं लग्न आहे!” मी म्हणालो.

“ऐका की पावणं. बँड काढा, आन् त्या पैशात चंदगडास्नं एक गाडी लावा. एस्टी चुकली की बायकांचं निम्मं माहेर तिथंच ऱ्हातंय.”

गाडी लावली. माहेर झाडून आले, आणि त्यांनी मांडवात जो कालवा केला, त्यापुढे बँड कुणाला ऐकूही आला नसता.

मग मंदी आली. फाउंड्रींना ऑर्डरी मिळेनात, त्यामुळे त्यांच्या कामावर चालणारी उद्यमनगरातली निम्मी लेथ आठवड्यातले निम्मे दिवस बंद उभी राहू लागली. साडूंचीही राहिली. वर्कशॉपवाल्यांचा घरफाळा, म्हणजे महापालिकेची घरपट्टी, थकला आणि त्यावर दंडव्याज चढू लागले. नेमक्या त्याच वर्षी पक्षाने त्यांना स्वीकृत नगरसेवक करायचे ठरवले होते. निवडणूक न लढवता पक्षाच्या शिफारशीवर सभागृहात बसायला मिळणारी ही जागा. आपले अंदाजपत्रक एकदा तरी आपल्या तोंडाने वाचावे, एवढीच या माणसाची हौस. ताईंनी सत्ताधारी असूनही सभागृहात घालायच्या जाकिटाचे कापड मंजूर केले होते.

पक्षाच्या बैठकीला ते मला आकड्यांच्या सोबतीला घेऊन गेले. तरुण शहराध्यक्ष म्हणाले, “काका, सरळ लिहा, सरसकट घरफाळा माफ.”

“आन् दिवाबत्ती कशावर लावायची? पाण्याच्या टँकरवाल्याचा पगार?”

“ते सत्तेवाले बघतील की! आपण विरोधात आहोत.”

“म्हणून काय वाट्टेल ते लिहायचं व्हय? आवो, उद्या सत्ता आली तर तोंड लपवत फिराल!”

त्यांनी लिहिले ते असे: शहराच्या वेशीवरची नवी स्वागत कमान दोन वर्षे पुढे ढकला, तो पैसा दिवाबत्ती-पाण्याला लावा, आणि वर्कशॉपवाल्यांना दंडव्याज न लावता हप्ते द्या. दुसरे कुणाला लिहिता येत नव्हते, म्हणून पक्षाने तेच सभागृहात मांडले. आणि कधी न घडलेली गोष्ट घडली. सत्ताधाऱ्यांनी ती सूचना जशीच्या तशी उचलून स्वतःची म्हणून मंजूर केली.

पक्षात हाहाकार उडाला. आता विरोध करायचा तरी कशाला? शहराध्यक्षांनी पत्रकारांना बोलावले आणि साडूंना सांगितले, “काका, हप्ते म्हणजे जनतेची फसवणूक आहे, एवढंच म्हणा. पुढच्या आठवड्यात तुमचं नाव पाठवतोय.” मी मागच्या खुर्चीवर होतो. साडू उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “ही सूचना आमचीच हाय. बरोबर हाय. त्यांनी घेतली, चांगलं केलं. आता कमान गुपचूप परत घुसडली, तर मातर विरोध करणार.”

नाव गेले, पण दुसऱ्याचे. ताईंनी कापड कपाटात ठेवून दिले. हप्त्यांमुळे उद्यमनगरातली बरीच शटरे उघडी राहिली. तिथल्या चौकात सत्ताधाऱ्यांच्या अभिनंदनाचा भला मोठा फलक लागला. साडू त्याखालूनच वर्कशॉपला जात. वाईट वाटत नाही का, असे मी एकदा विचारलेच. “लेथ सुरू हायत न्हवं?” एवढेच म्हणाले.

यंदा अंदाजपत्रक आले, तरी बेरजा घेऊन ते आले नाहीत. दोन दिवस वाट पाहून मीच त्यांच्या घरी गेलो. पर्यायी अंदाजपत्रक तयार होते, टेबलावर वजनाखाली. पक्षाने मागितले नव्हते.

“वाचा की,” मी म्हणालो.

“तुमच्याम्होरं वाचून काय उपेग पावणं? तुमच्या हातात काय हाय?”

“तुमच्या तरी हातात कधी काय होतं, दाजी?”

त्यांनी कागदांवरचे वजन उचलून बाजूला ठेवले. मग “व्हय की,” म्हणाले, आणि आतल्या खोलीत ताई आणि समोर मी, एवढ्याच सभागृहापुढे उठून उभे राहून त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.