चौरंगावरची किल्ली

आमच्या तनुजाला उद्धट म्हणणाऱ्यांनी आधी माझ्याशी बोलावं. मी तिची चुलती, दिपाली. चाकणच्या आसपास तोंडाळ म्हणून माझंही नाव आहेच, तेव्हा बोलताना जरा जपून.

तनुजा निगडीच्या एका कॉलेजात बीकॉमला आहे. दुसऱ्या वर्षी मेजर विषय ठरवायचा असतो आणि हिला दोन हवे होते. एक अकाउंट्स, दुसरा लॉजिस्टिक्स, म्हणजे मालाची ने-आण कशी लावायची त्याचं शिक्षण. डबल मेजर म्हणतात त्याला. कॉलेजातले सर म्हणाले, "गावाकडच्या मुली एकातच रडकुंडीला येतात." ही म्हणाली, "सर, मी रडायला ॲडमिशन घेतलेली नाही." सरांनी दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत विचार करायला सांगितलं आणि नंतर वडिलांना घेऊन ये म्हणाले.

खरी अडचण वडिलांचीच होती. जमीन एमआयडीसीत गेल्यापासून आमचे टेम्पो कंपन्यांना पार्ट पोचवतात. धंदा माझे मोठे दीर साहेबराव, म्हणजे तनुजाचे वडील, बघतात. त्यांचं ठरलेलं होतं: पोरीनं अकाउंट्स शिकून ऑफिसात बसायचं, गाड्या पुढं सार्थक बघणार. सार्थक तिचा धाकटा भाऊ. गुणी आहे बिचारा, पण टेम्पोचा हॉर्न वाजला की उशी कानावर घेतो. आणि ही लायसन निघाल्यापासून सुट्टीच्या दिवशी भोसरीपर्यंत माल टाकून येते.

"हिशेब तू ठेव, गाड्या त्याच्या," भाऊजी म्हणायचे. "दोन्हीकडं हात घालायचं कारण काय?"

"नुसता हिशेब ठेवला, तर तुम्ही ठरवाल तेच मी जन्मभर लिहीत बसेन, पप्पा."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. लग्नाआधी मीही कंपनीत सुपरवायझर होते. या घरात आल्यावर "आता कशाला" म्हणाले सगळे, आणि मी ऐकलं.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या कामाची वस्तू चौरंगावर ठेवतो. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत ती हलवायची नाही, आणि ज्यानं ठेवली त्यानंच उचलायची. सासूबाईंनी विळा ठेवला. शेत गेलं तरी विळ्याचा मान त्यांनी जाऊ दिलेला नाही. भाऊजींनी पाना ठेवला. मोठ्या टेम्पोची किल्ली सार्थकनं ठेवायची होती, पण पठ्ठ्याची अजून अंघोळच व्हायची होती.

तनुजानं अकाउंट्सचं पुस्तक ठेवलं. भाऊजी खूश. मग तिनं खुंटीवरची किल्ली काढली आणि पुस्तकाशेजारी ठेवली.

"एकच ठेव," भाऊजी म्हणाले.

"दोन्ही ठेवणार."

"तनुजा, ती किल्ली उचल."

ती हाताची घडी घालून उभी राहिली. भाऊजींनी स्वतःच हात पुढं केला. कुंकवाचा करंडा माझ्या हातात होता. मी वाकले आणि किल्लीला हळदकुंकू लावून मोकळी झाले.

माझ्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. लावू दे. भाऊजींनी असं बघितलं माझ्याकडं, की मी करंडा पदराखाली घेतला, खोटं कशाला बोलू. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेबा, पुजल्यालं हालवायचं न्हाई. हात मागं घे."

दिवसभर भाऊजी चौरंगाकडं पाठ करून बसले. पुरणपोळी मात्र मागून घेतली.

दसऱ्याला सकाळी तनुजानं पुस्तक काखेत मारलं, किल्ली उचलली आणि टेम्पोत जाऊन बसली. भाऊजी अंगणात आले. आता "उतर" म्हणतील म्हणून मी पदर खोचून तयारच होते. त्यांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि तिच्या शेजारी चढून बसले.

"कॉलेज उघडलं की येतो सरांकडं. घे दोन्ही," ते म्हणाले. "पण एकात जरी नापास झालीस, तर ही किल्ली परत घेणार."

"नापास झाले तर पुन्हा परीक्षेला बसेन," तिनं गाडी चालू केली. "किल्ली नाही देणार."

भाऊजींनी गुपचूप सीटबेल्ट लावला.