कोंडाआत्यांचा लाल दिवा

कोंडाआत्या गेल्या, हे मला त्या मातीआड झाल्यावर तीन दिवसांनी कळलं. निरवांगीचा लुकस बारामतीच्या बाजारात भेटला आणि गुळाचा भाव सांगावा तशा सुरात म्हणाला, "मास्तर, आत्या गेली की." त्याला आता महिना होत आला. आत्यांसाठी रडायला घरात कुणी उरलं नव्हतं. नवरा आणि लेक एकाच साथीत गेले होते. म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं.

निरवांगीचं आमचं प्रार्थनाघर म्हणजे मातीच्या भिंतींची एकच खोली. आठवडाभर तिथं माझी शाळा भरे, मागच्या पडवीत मी राही. महिन्यातून एकदा परदेशी फादर घोड्यावरून येत, लॅटिनमध्ये मिस्सा म्हणजे वेदीवरचा प्रार्थनाविधी करत आणि जात. वेदीवरच्या पितळी पेटीत पवित्र भाकर, म्हणजे मिस्सात प्रभूचं शरीर झालेली भाकर, ठेवलेली असली, तरच शेजारी लाल काचेचा दिवा जळे. दिवा जळतोय म्हणजे प्रभू घरात आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक. एरवी केरसुणी घेऊन आलेल्या आत्यांच्या तोंडाचा पट्टा माझ्या फळ्यापासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांवर चाले. दिवा दिसला की त्याच आत्या डोक्यावर पदर घेऊन दुखरा गुडघा जमिनीला टेकवत. "आत्या, नुसतं वाकलात तरी चालेल," मी म्हणे. "तुमी तुमची पोरं सांबाळा, मास्तर!"

एकदा एका आजाऱ्यासाठी फादरांनी भाकर पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती त्याला देऊन ते घाईनं इंदापूरला निघाले; दिवा विझव, एवढं मला सांगून. मी विसरलो. आठवण झाली तेव्हा आत्या पेटीसमोर बसून लेकीबद्दल बोलत होत्या, शेजारणीशी बोलावं तसं... पेटी रिकामी आहे, हे मला सांगवेना. सकाळी मी दिव्यात तेल घातलं. तो काही विसराळूपणा नव्हता. पडवीत मी एकटाच असे, आणि भिंतीपलीकडून येणारा तो आवाज मला हवा होता. लाज वाटते, पण खरं आहे.

आठव्या दिवशी फादर अचानक आले. "पेटी रिकामी, मग दिवा कसा?" आत्या तिथंच गुडघ्यावर होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, मग म्या आठ दीस कुनाशी बोलत हुते?"

देव सगळीकडेच असतो, असं फादर म्हणाले. आत्यांनी मान हलवली आणि त्या निघून गेल्या. त्या मला कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण पुढं दिवा जळत असला तरी त्या उंबऱ्याबाहेर थांबून विचारत, "मास्तर, हाय का?" मी "हाय, आत्या," म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. माझी बारामतीला बदली होईपर्यंत हेच चाललं.

लुकसनं निघता निघता आणखी एक सांगितलं. शेवटच्या दिवशी फादर पवित्र भाकर घेऊन आत्यांच्या खोपटात आले होते. आत्यांनी ती घ्यायला तोंड उघडलं नाही. "मास्तरास्नी इचारा," म्हणाल्या, "हाय का म्हून." फादरांनी समजावलं, लुकसनं समजावलं... त्या दाराकडे बघत राहिल्या आणि दुपारी तशाच गेल्या.

मी तेव्हा इथं बारामतीत मुलांच्या पाट्या तपासत होतो.