संपतमामांचा मुसाका

संपतमामा जेवायला बोलवायचे आणि स्वतः जेवायचे नाहीत. पंगतीसमोर उकिडवे बसून आपल्या तोंडाकडे असे टक लावून बघायचे की घास गिळणं मुश्कील. मग प्रश्न ठरलेला, "सांग, तसंच लागते का?"

आता कसं, ते आम्हाला काय कपाळ माहीत! आमच्या नांदुऱ्यातून ते एकटेच पहिल्या महायुद्धात सरकारी खेचरांबरोबर ग्रीस देशात गेलेले. तिथं एका म्हातारीच्या गोठ्यात ते खेचरं बांधत आणि ती मामांना वांगं-मटण खाऊ घाली. त्याचं नाव मुसाका. मामा सांगत, "समुद्राकडचे लोक वांग्याच्या पोटात खिमा भरतेत. तुर्कांकडून आलेले भाजलेल्या वांग्याच्या गरावर मटन वाढतेत. म्हातारी डोंगरातली. वांग्याच्या चकत्या, त्यावर खिमा, वरून अंडं-दही, अन् मंग भाजे."

परतीच्या जहाजावर मामांना ताप भरला. ताप उतरला, पण तोंडाची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. "मले आता माती अन् मटन एकच," म्हणत ते भाकर-ताकावर राहत. म्हणजे ज्याला चव ठाऊक त्याला ती लागत नाही, आणि ज्यांना लागते त्यांना ठाऊक नाही. तरी दर हिवाळ्यात ते रांधत. विसरायच्या आत एकदा ती चव जमली पाहिजे, एवढाच ध्यास. "आधी दालचिनी लागते ना? मंग दही?" असं खोदून खोदून विचारत. आम्ही भिडेपोटी "हाव, हाव" म्हणत मान डोलवायचो.

एकदा मेहकरहून माझे मेहुणे आले होते, त्यांना तिखट सोसत नसे. दोन घासांत त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. मामांनी भांड्यात बोट घालून चाटलं. चव गेली होती, झोंबणं गेलं नव्हतं.

"गोदे, यात तिखट हाय."

"हाय," गोदामामी शांतपणे म्हणाल्या. "पाहुण्याले आजाऱ्याचं जेवन वाढू का? पह्यल्या सालापासून टाकून राह्यली मी, तुमी बोलवाले जाता तवा."

मामींचंही काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे फिकं मटण वाढलं तर पाहुणा जन्मभर नाव ठेवील. मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बसून राहिले.

आठवड्यानं त्यांनी पुन्हा रांधलं, मामींना समोर बसवून. मी खाल्लं आणि खरं ते सांगितलं, "दही आधी लागतं मामा. दालचिनी मागून येते."

मामांनी बराच वेळ डोळे मिटले. मग मलाच विचारलं, "तसं व्हतं का मंग?"

मला फार वाईट वाटलं.

"तुमालेच ठाव," मामी म्हणाल्या.

"नाही ना ठाव. इतके वर्सं तुमचं हाव हाव ऐकत गेलो. आता म्हातारीचं कोनतं अन् आपलं कोनतं, मलेच समजून नाही राह्यलं."

मामींनी हळूच विचारलं, "मंग थोडं तिखट टाकू?"

"टाक," मामा म्हणाले.